बिल घेऊन या!

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा लेखी पाठ. बोलताना राहून गेलेले काही आकडे छापताना घातले आहेत.)



नाटकाआधीची पंधरा मिनिटं आम्हाला मिळाली आहेत. मागून वड्यांचा वास यायला लागलाय, त्यामुळे तुमचं लक्ष किती वेळ आमच्याकडे राहणार याची पूर्ण कल्पना आहे. पंधराची सोळा होणार नाहीत, हा शब्द!

आम्ही म्हणजे मंडळातले सहा जण. पाच सॉफ्टवेअरवाले आणि एक खराखुरा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, जो इथे येऊन सॉफ्टवेअरच करतो. सगळे तिशीतले. इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्समध्ये आमच्यापैकी दोघांना केटी लागली होती, तरीही गेले तीन हिवाळे आम्ही लोकांच्या घरी जाऊन विजेची आणि गॅसची बिलं बघतो, खिडक्यांना हात लावून बघतो, फ्रिजच्या मागे वाकून बघतो आणि चहा पिऊन परत येतो. कुणी विचारतं, "तुम्ही काही विकता का?" नाही हो, काही विकत नाही. आजचा निधी कशासाठी गोळा करतोय ते शेवटी सांगतो. आधी आमची फजिती ऐका, कारण हे सगळं सुरू झालं तिच्यातून.

जानेवारी २०२३ मधला दुसरा रविवार. 'घरगुती ऊर्जाबचत' या विषयावर आम्ही पहिलं भाषण ठेवलं. बेचाळीस स्लाइड्स! जपानला लागणाऱ्या ऊर्जेपैकी देशातली स्वतःची जेमतेम १३ ते १५ टक्के, बाकी सारी जहाजातून येते, इथपासून सुरुवात. मग युक्रेनचं युद्ध, महागलेला गॅस, मग पर्यावरण मंत्रालयाचं 'वॉर्म बिझ' आणि त्यातली २० अंशांची शिफारस. 'एक अंश कमी करा, एक स्वेटर जास्त घाला' ही ओळ आम्ही मोठ्या अक्षरात टाकली होती आणि तिच्यावर खूश होतो. टाळ्या पडल्या. फोटो निघाले. घरी जाताना आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

साधारण दहा दिवसांनी आमच्यातला एक जण तिळगूळ द्यायला एका मित्राकडे गेला. मित्राचं घर स्वतःचं, नव्वदच्या दशकात बांधलेल्या इमारतीतलं, पस्तीस वर्षांच्या कर्जावर घेतलेलं. कोविडमुळे बंद झालेली जपानची दारं ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडली, तसे त्याचे आईबाबा पहिल्यांदाच मुलाचं घर बघायला आले होते. नव्वद दिवसांचा व्हिसा. मुलगा-सून ऑफिसला, नात होइकुएनमध्ये. दार काकांनी उघडलं. अंगात दोन स्वेटर, वरून मुलाचं जॅकेट, डोक्याला माकडटोपी. काकू स्वयंपाकघरात गॅस पेटवून हात शेकत उभ्या होत्या. हॉलमधल्या घड्याळात तापमानही दिसतं, ते होतं ११ अंश. ए.सी. बंद.

"काका, हीटर का नाही लावला?"

"अरे, तुमचं भाषण ऐकलं ना परवा. पोराच्या डोक्यावर केवढं कर्ज आहे. आम्हाला काय, सवय आहे. आम्ही निफाडची थंडी काढलीये."

निफाडची थंडी आम्हालाही ठाऊक आहे. नाशिकच्या बाजूला पारा उतरला की पेपरात पहिलं नाव निफाडचंच येतं. पण निफाडला दहा वाजता अंगणात ऊन येतं, शेकोटी असते, माणसं असतात. इथे उत्तरेकडे तोंड असलेल्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत दिवसभर ऊन नाही आणि संध्याकाळी सातपर्यंत बोलायला कुणी नाही. काकांचं बी.पी. त्या आठवड्यात वाढलेलं होतं. थंडीमुळेच वाढलं असं आम्ही म्हणणार नाही, आम्ही डॉक्टर नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांबद्दलच्या सूचना काढल्या, त्यात थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान निदान १८ अंश असावं आणि म्हाताऱ्यांसाठी, लहान मुलांसाठी त्याहून जास्त लागू शकतं असं स्पष्ट सांगितलंय. हे आमच्या बेचाळीस स्लाइड्समध्ये कुठेच नव्हतं!

मुलाला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं. तो यायच्या अर्धा तास आधी काका ए.सी. चालू करायचे.

त्या शनिवारी आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो. माफी मागायला, आणि खरं सांगायचं तर काहीतरी भरपाई करायला. आमच्या इलेक्ट्रिकलवाल्याकडे प्लगमध्ये लावायचा एक छोटा मीटर होता, दोन-चार हजार येनना मिळतो. तो आम्ही घरातल्या एकेका उपकरणाला लावत सुटलो. टीव्ही, मायक्रोवेव्ह, राउटर. फ्रिजला चोवीस तास लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यावर आकडा होता २.२ युनिट.

आता या फ्रिजची गोष्ट. दाराच्या आतल्या लेबलवर साल होतं १९९७. मित्राने तो एका 'सायोनारा सेल'मधून घेतला होता. इथे नवीन आलेल्यांसाठी सांगतो, भारतात परत जाणारं कुटुंब आपला सगळा संसार किरकोळ भावात विकून टाकतं, तो हा सेल. आपल्या लोकांत तो वर्षानुवर्षं चालत आलाय. वायटूकेच्या सुमारास आपली मंडळी निशि-कासाईला यायला लागली, कारण तोझाई लाइनने ओतेमाचीला सरळ जाता येतं, तेव्हापासूनची ही परंपरा म्हणा. आपण चौकशी केली तर कळलं, हा फ्रिज निशि-कासाई, फुनाबोरी, परत निशि-कासाई असा चार मराठी घरांत फिरून पाचव्यात आला होता. त्याच्यात किती श्रीखंडं लागली असतील! त्याला फेकवत का नाही याचंही कारण आहे. २००१ पासून इथे जुना फ्रिज टाकायचा तर रीसायकलचे पैसे आपण भरायचे, वर गाडीभाडं. त्यापेक्षा पुढच्याला फुकट दिला की दोघंही खूश.

हिशोब सोपा आहे. दिवसाला २.२ म्हणजे वर्षाला ८०० युनिट. त्याच मापाच्या आजच्या फ्रिजच्या स्टिकरवर ३००च्या आतबाहेर आकडा असतो. फरक ५०० युनिटचा. दुकानातल्या स्टिकरवर हिशोबासाठी युनिटला ३१ येन धरतात, तोच धरला तर वर्षाला साडेपंधरा हजार येन. आणि काका? नव्वद दिवस रोज सहा तास कुडकुडून त्यांनी आमच्या अंदाजाने फार तर सात-आठ हजार येन वाचवले असते. म्हणजे ज्याला आपण घरात कुणी बघतसुद्धा नव्हतो तो कोपऱ्यातला फ्रिज त्यांच्या दुप्पट खात होता, उन्हाळ्यातही आणि रात्रीसुद्धा. हे आकडे काकांना कागदावर मांडून दाखवले. निवृत्त हेडमास्तर ते. त्यांनी गुणाकार तपासला, चश्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे मी उगाचच गारठलो की!"

मंडळी, जपानी भाषेत दोन शब्द आहेत आणि आम्ही त्यांची गल्लत केली होती. एक 'सेत्सुदेन', म्हणजे वीज वापरायचीच कमी. दुसरा 'शो-एने', म्हणजे काम तेवढंच, पण त्याला ऊर्जा कमी. पहिल्यात माणूस सोसतो, दुसऱ्यात यंत्र आणि घर सुधारतं. आम्ही शो-एनेचं नाव घेऊन सेत्सुदेन शिकवत होतो.

सेत्सुदेनला नावं ठेवायची नाहीत. आपल्यातले जे ज्येष्ठ २०११ मध्ये इथे होते त्यांनी ते जगून दाखवलंय. ११ मार्चच्या भूकंपानंतर १४ ते २८ मार्च या काळात टोकियो परिसरात पाळीपाळीने वीज बंद ठेवली जात होती. शहराच्या २३ वॉर्डांतला बराचसा भाग वगळला होता, पण चिबा, साइतामा, कानागावातल्या आपल्या मंडळींनी मेणबत्त्या लावल्या. आम्ही तेव्हा भारतात, कुणी शाळेत, कुणी कॉलेजात. आम्हाला टीव्हीवर ते पाहून आपलं लोडशेडिंग आठवलं. २००५ नंतरची ती वर्षं आठवतात ना? पाटीवर वेळापत्रक, इन्व्हर्टरची शिट्टी, आणि "आली!" म्हणून गल्लीभर ओरडा. फरक एवढाच, की इथे ठरलेल्या मिनिटाला जायची आणि ठरलेल्या मिनिटाला यायची.

इंजिनिअर म्हणून एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पश्चिम जपानकडे वीज होती, पण ती पूर्वेला पुरेशी देता येत नव्हती. कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जनित्रं आणली जर्मनीहून, ५० हर्ट्झची, आणि ओसाकाने अमेरिकेहून, ६० हर्ट्झची. एका देशात दोन जाती झाल्या, त्या आजतागायत. मधे रूपांतर करणारी जी केंद्रं आहेत त्यांची क्षमता २०११ मध्ये सुमारे १० लाख किलोवॅट होती. समुद्रातून तांब्याने पाणी काढण्यासारखं. असो, विषयांतर झालं.

त्या उन्हाळ्यात मोठ्या कारखान्यांवर १५ टक्के कपातीचा कायदेशीर आदेश होता, घरांना फक्त विनंती. टेपकोच्या क्षेत्रातली कमाल मागणी २०१०च्या उन्हाळ्यात जवळजवळ ६ कोटी किलोवॅट होती, ती २०११ मध्ये ४ कोटी ९२ लाखांवर आली. लोकांनी विनंती ऐकली! पण ते संकट होतं. संकटात माणूस दोन महिने सोसतो. आपल्या घराचं कर्ज पस्तीस वर्षं चालणार आहे, तेवढी वर्षं कुणी माकडटोपी घालून बसणार नाही आणि बसूही नये. उन्हाळ्यात तर हे जिवावर बेततं. टोकियोच्या वैद्यकीय परीक्षक कार्यालयाच्या नोंदी बघा. उष्माघाताने घरातच दगावलेल्यांपैकी बहुतेकांच्या खोलीत ए.सी. नव्हता, किंवा होता पण बंद होता, आणि त्यांत बहुतेक म्हातारी माणसं.

म्हणून आमचं जे एक पानी मराठी पत्रक आहे त्याची पहिली ओळ आता अशी आहे: 'घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर हीटर आणि ए.सी. लावा.' वाचवायचं कुठे ते त्याच्या खाली.

कुठे, ते थोडक्यात. जपानमधल्या सरासरी घरात जेवढी ऊर्जा लागते (वीज, गॅस, रॉकेल सगळं धरून) तिचा साधारण चौथा हिस्सा खोली गरम ठेवण्यात जातो, आणखी एक चौथाई किंवा जरा जास्त पाणी गरम करण्यात. उन्हाळ्यातल्या थंडाव्याला दोन-तीन टक्के! आणि आपल्या घरात भांडणं कशावरून होतात? उन्हाळ्यात ए.सी. २६ की २८. मोबाईलचे चार्जर काढून ठेवणाऱ्यांनाही नमस्कार, पण रिकामा चार्जर वर्षाला एखादं युनिट खातो. एकतीस येन. तेवढ्यासाठी वाकून कंबर धरली तर पट्टीलाच जास्त पैसे जातील. आमच्या पहिल्या भाषणानंतर लोकांनी काय केलं याची चौकशी केली, तेव्हा दहातल्या आठ जणांनी "चार्जर काढतो" असंच सांगितलं होतं. दोष त्यांचा नव्हता.

खरी गळती खिडकीत आहे. इथल्या जुन्या घरांत खिडकीची चौकट अॅल्युमिनियमची आणि काच एकेरी. अॅल्युमिनियम म्हणजे आपल्या पातेल्याचा धातू, उष्णता कशी पळते ते चिमटा न लावता पातेलं उचलणाऱ्याला विचारा. हिवाळ्यात सकाळी त्या काचेला घाम फुटतो, पडद्याच्या कडेला काळी बुरशी धरते आणि आपण म्हणतो, "यांच्याकडे दमट फार." १९९९च्या मानकाप्रमाणे बांधलेल्या घरातसुद्धा हिवाळ्यात बाहेर जाणाऱ्या उष्णतेपैकी ५८ टक्के खिडक्या-दारांतून जाते, असा इथल्या बांधकाम साहित्य उद्योगाच्या संघटनेचा हिशोब आहे. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांची घरं त्याहून जुनी. नवीन घरांना उष्णतारोधनाचं मानक पाळणं सक्तीचं झालं ते एप्रिल २०२५ पासून. इतक्या शिस्तीच्या देशात इतकी वर्षं कसं चाललं, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

इमारतीतल्या घराची बाहेरची खिडकी ही सामायिक मालमत्ता असते, ती आपल्याला परस्पर बदलता येत नाही. बरेच जण इथेच थांबतात. पण तिच्या आतल्या बाजूला दुसरी खिडकी बसवता येते, तिला 'उचिमादो' म्हणतात. मधे हवेचा थर अडकतो, तोच पांघरुणाचं काम करतो. एका खिडकीला साधारण एक तास लागतो. पर्यावरण मंत्रालयाने २०२३ मध्ये यासाठी मोठं अनुदान सुरू केलं, निम्म्याच्या आसपास खर्च मिळेल असं. नंतरच्या वर्षांतही ते आलं, पण अटी दर वर्षी बदलतात आणि सगळी माहिती जपानीत. अर्ज नोंदणीकृत कंत्राटदारामार्फतच करायचा असतो आणि इमारतीच्या कमिटीला आधी विचारलेलं बरं. हे कागद वाचून दाखवायला आम्ही येतो. भाड्याच्या घरात असाल तर हवेचे फुगे असलेलं प्लास्टिक काचेला चिकटवा. दिसायला भिकार दिसतं, पण काम करतं.

गरम पाण्याबाबत मात्र आपण मराठी माणसं पुढे आहोत. बादली! दहा मिनिटांच्या शॉवरला शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं, बादलीला वीस. जपानी कुटुंब एकदा टब भरतं आणि सगळे त्यात एकामागून एक उतरतात, तेही हुशारीचंच. वाईट सवय आमच्या पिढीची, टबही भरायचा आणि शॉवरही घ्यायचा.

बिलाबद्दल दोन शब्द. पूर्वी पेटीत एक चिठ्ठी पडायची, तिच्यावर गेल्या वर्षी याच महिन्यात किती युनिट जळले ते छापलेलं असायचं. आता बहुतेकांचं बिल मोबाईलमध्ये, आणि मोबाईलमधलं बिल कुणी उघडत नाही. पैसे बँकेतून परस्पर जातात. आमच्या अनुभवात निम्म्याहून जास्त लोकांना आपले महिन्याचे युनिट माहीत नव्हते. टेपकोच्या जुन्या नेहमीच्या योजनेत १२० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. आपल्या महावितरणच्या १०० आणि ३०० च्या पायऱ्यांसारखंच. शिवाय अँपिअरचं भाडं वेगळं, दर १० अँपिअरला महिना तीनशे येनच्या थोडं वर. घर घेताना बिल्डरने ६० अँपिअर लावून दिलं असेल आणि माणसं तीन असतील तर ४० पुरतात. वर्षाला सात हजार वाचतात, एक फोन करून. मात्र आमच्याच एका सदस्याने उत्साहाच्या भरात एकदम ३० केलं आणि दिवाळीच्या फराळाला लोक जमले असताना मायक्रोवेव्ह, राइस कुकर आणि ए.सी. एकदम लागून ब्रेकर पडला. अंधारात चिवड्याचं पातेलं पालथं झालं. त्या घरातल्या वहिनी आज इथे समोर बसल्या आहेत, त्यामुळे जास्त बोलत नाही.

आता रिमोट. हसू नका, आमच्या मते आम्ही केलेलं सगळ्यात उपयोगी काम हेच. ए.सी.च्या रिमोटवर सगळं जपानीत. 'दानबो' म्हणजे ऊब, 'रेइबो' म्हणजे गारवा, 'जोशित्सु' म्हणजे हवा कोरडी करणं. आपण मुलं कशीबशी ओळखतो, पण नाशिक-सांगलीहून आलेल्या आईबाबांना कसं कळावं? एका आजींनी डिसेंबरात चार दिवस 'जोशित्सु' लावून ठेवलं होतं आणि "हा हीटर गार वारा का टाकतो" म्हणून त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. आम्ही मराठी स्टिकर छापले: ऊब, गार, कोरडं, बंद. चार स्टिकरांचा संच. बाहेर टेबलावर आहेत, फुकट. हव्या त्या घरी न्या, आणि शेजारी गुजराथी-तामीळ कुटुंब असेल तर सांगा, त्यांच्या भाषेतले छापून देऊ.

उन्हाळ्यासाठी आम्ही बाल्कनीत कारल्याचे वेल लावायला सांगतो. जपानीत त्याला 'हिरवा पडदा' म्हणतात. टोकियोच्या इताबाशी वॉर्डातल्या एका प्राथमिक शाळेने वीसेक वर्षांपूर्वी मुलांकडून असे वेल वर चढवून घेतले, तिथून ही कल्पना गाजली आणि २०११च्या उन्हाळ्यात तर घरोघर पोचली. ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडतं, ए.सी.वरचा भार हलका होतो. आणि आपल्याला ऑगस्टभर भरली कारली. मुलांची कुरकुर वेगळी मोजावी लागते.

मंडळी, आता निधी. ही कल्पना आमची नाही, आमच्या शेजाऱ्यांची आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण एदोगावा वॉर्डात राहतात. तिथे जुकोइन नावाचं बौद्ध मंदिर आहे. १९९९ मध्ये नागरिकांच्या एका छोट्या संस्थेने त्याच्या छपरावर सौर पॅनेल बसवून 'नागरिकांचं एदोगावा पहिलं वीजकेंद्र' सुरू केलं. संस्थेच्या लांबलचक नावाचा अर्थ साधारण असा, की पृथ्वीच्या तापण्याचा विचार आपल्या पायापासून सुरू करू या. याच लोकांनी पुढे आणखी एक गोष्ट केली. ज्यांच्याकडे जुना फ्रिज आहे पण नव्याला एकरकमी पैसे नाहीत, अशा घरांना नवा फ्रिज घ्यायला बिनव्याजी कर्ज दिलं. फेड करायची वाचलेल्या वीजबिलातून. आपण इतकी वर्षं त्याच वॉर्डात राहून, त्याच बाजारात भाजी घेऊन, हे आपल्याला माहीत नव्हतं! आम्हालाही ते कळलं ते एका जपानी शेजारणीने कारल्याची रोपं देताना सांगितलं म्हणून.

तर मंडळाने तसाच निधी करायचं ठरवलंय. गरजू कुटुंबाला फ्रिजसाठी एक लाख येनपर्यंत, व्याज नाही. महिन्याला १२५० येन परत, म्हणजे ऐंशी हप्ते. आमच्या मित्राच्या फ्रिजसारखा मासा असेल तर हप्ता जवळजवळ बिलातूनच सुटतो. सगळ्यांचा इतका जुना नसतो. २००५ नंतरचा, लहान मापाचा असेल तर बदलून फायदा नाही, तसं आम्ही मोजून तोंडावर सांगू. हप्ते परत आले की तेच पैसे पुढच्या घराला. विद्यार्थी, नुकतेच आलेले, नोकरी गेलेले, कुणीही. मराठीच पाहिजेत अशी अट नाही. जुना फ्रिज रीसायकलला द्यायची रक्कम मंडळ घालेल, पण एका अटीवर: तो परत सायोनारा सेलमध्ये दिसता कामा नये! आणि निधीतला थोडा भाग, ज्यांच्याकडे आईवडील येऊन राहतात त्यांच्या एका खोलीच्या उचिमादोसाठी ठेवायचा विचार आहे. किती, ते आज काय जमतं त्यावर.

तुम्ही विचाराल, काकांचं पुढे काय झालं. मित्राने नवा फ्रिज घेतला आणि त्या पावसाळ्यानंतर आईबाबांच्या खोलीला आतली खिडकी बसवली. मधल्या काळात, जून २०२३ मध्ये, टेपको धरून सात कंपन्यांनी विजेचे नेहमीचे दर वाढवले होते. पुढच्या हिवाळ्यात काका-काकू परत आले, तेव्हा मुलाने हॉलमध्ये 'कोतात्सु' आणून ठेवला होता. ठेंगणं टेबल, खाली छोटा हीटर, वरून रजई. काकू पाय घालून बसल्या आणि म्हणाल्या, "हे तर गोधडीचं टेबल झालं." खोलीत २० अंश, ए.सी. दिवसभर चालू. जानेवारीचे युनिट आदल्या वर्षीच्या जानेवारीपेक्षा कमी होते, येनमध्ये बिल जवळपास तेवढंच. काकांनी दोन्ही बिलं मागवून घेतली आणि वजाबाकी स्वतः केली.

बाहेर पडल्यावर डाव्या हाताच्या टेबलाशी आम्ही मध्यंतरात आणि नाटक संपल्यावरही बसणार आहोत. मोबाईलमध्ये गेल्या जानेवारीचं आणि गेल्या ऑगस्टचं बिल काढून ठेवा, आणि आज घरी गेल्यावर फ्रिजच्या दाराच्या आतलं साल बघून आम्हाला कळवा. घरी यायचं असेल तर वहीत वार आणि वेळ लिहा. चहा बिनसाखरेचा चालेल.

पंधरा मिनिटं झाली. पडदा वर जाऊ द्या!